खारपाणपट्टा : जमिनीतले मीठ आणि वस्तीतले पाणी

१

पाण्याचा प्रश्न आपल्या चळवळीत प्रथम आला तो स्पर्शाचा प्रश्न म्हणून. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले ते तहान भागवण्यासाठी नव्हे. सार्वजनिक पाणवठ्यावर आपला माणूस म्हणून हक्क आहे हे सिद्ध करण्यासाठी. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अमरावतीला वऱ्हाडातील अस्पृश्यांची परिषद बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली भरली. १९२८ साली पंजाबराव देशमुख अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांसाठी खुल्या केल्या. पुढे राज्यघटनेच्या १५ व्या कलमाने विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांच्या वापरात जातीवरून आडकाठी करण्यास मनाई केली.

विहीर खुली झाली. ज्यांच्या आजीने दुसऱ्याने वरून ओतलेले पाणी ओंजळीत झेलले आहे त्यांना हा विजय किती मोठा आहे हे सांगावे लागत नाही. परंतु वऱ्हाडातील शेकडो गावांत विहीर खुली झाल्यानंतर दुसरा प्रश्न शिल्लक राहिला : त्या विहिरीत आहे काय? आमच्या दर्यापूरकडच्या गावात वस्तीची विहीर होती, तिला बारमाही पाणीही होते. पण ते जनावर देखील नाइलाजाने पीत असे. माझ्या घरात पदवी घेणारा मी पहिला. आज मी महाविद्यालयात भूगोल शिकवतो आणि खारपाणपट्ट्यातून आलेली मुले माझ्या वर्गात बसतात. त्यांना हे पाणी खारे आहे हे ठाऊक असते. ते खारे का आहे आणि त्याचा आपल्या शरीराशी व समाजाशी संबंध काय, हे कोणी सांगितलेले नसते. भूवैज्ञानिकांनी या विषयावर पुष्कळ काम केले आहे. ते इंग्रजी नियतकालिकांत पडून आहे. त्यातील कार्यकर्त्याला उपयोगी पडेल तेवढा भाग येथे मांडण्याचा प्रयत्न करतो, आणि त्या संशोधनाला आपण कोणता प्रश्न विचारला पाहिजे तेही सांगतो.

२

पूर्णा नदी सातपुड्यात उगम पावते, अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून पश्चिमेकडे वाहते आणि जळगाव जिल्ह्यात चांगदेवजवळ तापीला मिळते. तिच्या उत्तरेला सातपुड्याचे गाविलगड डोंगर, दक्षिणेला अजिंठ्याची रांग. या दोहोंच्या मधला सपाट प्रदेश म्हणजे पयनघाट. त्यातला पूर्व-पश्चिम सुमारे दीडशे किलोमीटर लांबीचा पट्टा खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो. दर्यापूर, अंजनगाव, भातकुली. अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर, अकोला. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा अशा तालुक्यांतील नऊशेच्या आसपास गावे त्यात येतात.

महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा बनलेला आहे. पूर्णेच्या खोऱ्यात मात्र हा पाषाण भूकवचातील भेगांमुळे खाली खचला आणि त्या खळग्यात नद्यांनी लक्षावधी वर्षे गाळ आणून भरला. हा गाळ कित्येक ठिकाणी शेकडो फूट जाड आहे. म्हणून येथे विहीर खणताना खडक लागत नाही. लागते ती चिकण माती, रेती आणि चुनखड्यांचे थर. या थरांतल्या पाण्यात मीठ आहे.

हे मीठ आले कोठून? येथे पूर्वी समुद्र होता, त्याचे पाणी जमिनीत अडकून राहिले, असे उत्तर गावोगाव ऐकायला मिळते आणि एके काळी काही अभ्यासकांनीही तशी कल्पना केली होती. परंतु हा गाळ नद्यांनी आणलेला आहे, आणि खारेपणाचा उलगडा करायला समुद्राची गरज पडत नाही. कारण माती आणि हवामान यांच्यातच सापडते.

नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरोतील डी. के. पाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर्णा खोऱ्यातील काळ्या जमिनीचा अभ्यास केला. त्यांच्या मांडणीचा गाभा साध्या शब्दांत असा सांगता येईल. काळा पाषाण झिजतो तेव्हा त्यातून कॅल्शियम आणि सोडियम ही दोन्ही द्रव्ये सुटी होतात. पाऊस भरपूर असेल आणि निचरा चांगला असेल तर ती धुपून नदीवाटे निघून जातात. पूर्णेच्या खोऱ्यात पाऊस वर्षाला सातशे ते साडेआठशे मिलिमीटरच्या घरात, आणि पश्चिमेकडे तो आणखी कमी होत जातो. उन्हाळा मात्र असा की वर्षभरात जितके पाणी पडते त्याच्या दुपटीहून अधिक उडून जाण्याइतकी हवेची तहान असते. जमिनीतला ओलावा वर ओढला जातो, पाणी उडते आणि क्षार मागे राहतात. त्यातले कॅल्शियम चुनखडीच्या खड्यांच्या रूपाने मातीत बसते. सोडियम उरते. सोडियम वाढले की चिकण मातीचे कण एकमेकांपासून सुटतात, छिद्रे बुजतात आणि जमीन चोपण होते. मग पडणारा पाऊस खाली मुरून क्षार धुऊन नेऊ शकत नाही. पाणी वर साचते आणि पुन्हा उडून जाते. अशा रीतीने क्षार क्षाराला वाढवतो. या शास्त्रज्ञांना पाऊस जसा पश्चिमेकडे कमी होतो तसा जमिनीचा चोपणपणा वाढताना दिसला.

याचा एक अर्थ आपण नीट लक्षात घेतला पाहिजे. खारपाणपट्टा हा हवामान कोरडे होत गेल्याचा जमिनीवर उमटलेला परिणाम आहे. हवामानबदल हा शब्द आज परिषदांतून ऐकू येतो; वऱ्हाडातला माणूस मात्र एका प्राचीन हवामानबदलाचे पाणी पिढ्यान्‌पिढ्या पीत आला आहे. आणि आता त्यावर दुसरा बदल येऊन आदळतो आहे.

३

तो दुसरा बदल कसा काम करतो हे पाहू. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरून ठेवू शकते. त्यामुळे पाऊस पडत नाही तेव्हा दीर्घकाळ पडत नाही आणि पडतो तेव्हा कोसळतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. जुलै २०२३ मध्ये संग्रामपूर, जळगाव जामोद आणि तेल्हारा या तालुक्यांत काय झाले ते आपण पाहिले आहे. नदी-नाले गावात शिरले, शेते खरवडून निघाली.

वार्षिक सरासरी तीच राहिली तरी भूजलाच्या दृष्टीने दोन्ही पाऊस सारखे नसतात. झिमझिम पडणारा पाऊस काळ्या जमिनीत हळूहळू मुरतो. तासाभरात कोसळलेला पाऊस मुरत नाही. काळी माती फुगते, भेगा मिटतात आणि उरलेले पाणी माती घेऊन पूर्णेत जाते. खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी पावसाळ्यानंतर थोडे सुसह्य होते, कारण मुरलेले गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखे तरंगत असते. हा थर जितका बारीक तितक्या लवकर बादलीला खारे पाणी लागते. जे पाणी पूर्वी होळीपर्यंत पोटात जात असे ते दिवाळीनंतरच मचूळ होऊ लागले तर त्यामागे हा हिशेब असतो.

दुसरी गोष्ट सातपुड्याच्या पायथ्याची. अचलपूर, चांदूर बाजारपासून अकोट, तेल्हाऱ्यापर्यंत डोंगराच्या कडेने दगडगोट्यांचा आणि भरड रेतीचा पट्टा आहे. डोंगरावरून येणारे पाणी येथे जमिनीत शिरते. हा पट्टा गोड्या पाण्याचा. येथेच संत्र्यांच्या आणि केळीच्या बागा उभ्या राहिल्या, आणि बागांसाठी बोअरवर बोअर खोल होत गेले. महाराष्ट्राचा २००९ चा भूजल अधिनियम १ जून २०१४ पासून अमलात आला. साठ मीटरपेक्षा खोल विहिरींवर त्यात निर्बंध आहेत. बोअर मारणाऱ्या गाड्यांचा आवाज मात्र थांबलेला नाही. गोडे पाणी उपसून पातळी खाली गेली की शेजारच्या आणि खालच्या खाऱ्या पाण्याला तेथे सरकायला वाव मिळतो. म्हणजे बाग एकाची असते आणि खार दुसऱ्याच्या हापशीला येऊ शकते.

४

आता शरीराकडे येऊ. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक सांगते की एक लिटर पाण्यात विरघळलेले एकूण क्षार ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरा पाणीसाठाच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घ्यावेत. नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम. फ्लोराइडची १, आणि पर्याय नसेल तर दीड. 'दुसरा पाणीसाठा नसेल तर' ही सवलत कागदावर निरुपद्रवी दिसते. प्रत्यक्षात ती कोणाच्या वाट्याला येते याचा विचार प्रत्येकाने आपल्या गावापुरता करून पाहावा.

आमच्या बायांना पाणी तपासण्याची स्वतःची रीत आहे. या पाण्यात वरण शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, चहा फाटतो, असे त्या सांगतात. हे अज्ञान नव्हे. पाण्यातले कॅल्शियम तुरीच्या डाळीतल्या पेशींना घट्ट बांधून ठेवते, म्हणून डाळ तासन्‌तास शिजत नाही. तेच द्रव्य साबणाचा फेस मारते. माझी आई चुलीवर जे करीत होती ती कठीणपणाची चाचणी होती. परंतु या रीतीला एक मर्यादा आहे. नायट्रेटला आणि फ्लोराइडला चव नाही, रंग नाही. उकिरड्याजवळच्या, गटाराला लागून असलेल्या हापशीतून नायट्रेट येते, शेतातल्या युरियातूनही येते. सहा महिन्यांच्या आतील बाळाला दुधाच्या भुकटीत ते पाणी गेले तर रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती कमी होते आणि बाळ निळे पडते. फ्लोराइडने दात आणि हाडे जातात. शेजारच्या यवतमाळ, चंद्रपूर जिल्ह्यांतील काही गावांना त्याचा अनुभव आहे. ज्या पाण्याची चव बरी आहे तेही तपासलेच पाहिजे, ते यासाठी.

खारेपणाने रक्तदाबही वाढतो. बांगलादेशच्या किनाऱ्यावर, खुलना जिल्ह्यातील दाकोप येथे गर्भवती स्त्रियांचा अभ्यास झाला. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्या संशोधनात पिण्याच्या पाण्यातील मिठाचा आणि गरोदरपणातील रक्तदाबाचा संबंध पुढे आला. आपल्याकडे खारपाणपट्ट्यात मूत्रपिंडाच्या आजाराची चर्चा घराघरांत आहे. येथे मात्र सावधपणे बोलले पाहिजे. केवळ खाऱ्या पाण्याने मूत्रपिंड निकामी होते असे सरळ समीकरण विज्ञानाने मांडलेले नाही. श्रीलंकेच्या उत्तर-मध्य प्रांतात, आंध्रातील उद्दानम भागात आणि मध्य अमेरिकेतील ऊसतोड कामगारांत मूत्रपिंडाचा असाच आजार आढळला. तेथे पाणी, कीटकनाशके, वेदनाशामक गोळ्या आणि उन्हातले श्रम अशा अनेक कारणांचा एकत्र विचार होतो आहे. या सर्व ठिकाणी एक गोष्ट समान आहे : रोगी प्रामुख्याने शेतात राबणारे आहेत.

मे २०२४ मध्ये अकोल्याचा पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे गेला आणि जिल्हा प्रशासनाने उष्णतेमुळे १४४ कलम लावले. अशा उन्हात कामावर असलेल्या माणसाला दिवसाला कित्येक लिटर पाणी लागते. पाणी बेचव असेल तर तो कमी पितो. घाम जातो, लघवी घट्ट होते, मूत्रपिंडावर ताण येतो. शेताचा मालक सावलीत बसून थंड पाण्याची कॅन उघडू शकतो. निंदणाला आलेली बाई धुऱ्यावर ठेवलेल्या बाटलीतले घरचेच पाणी पिते. पाण्यातले क्षार, हवेतली उष्णता आणि मजुरीतली विषमता या तीन गोष्टी एकाच शरीरात एकत्र येतात. त्यांचा अभ्यास तीन वेगळ्या विभागांत होतो, ही आपल्या विद्यापीठीय व्यवस्थेची अडचण आहे.

५

या अडचणीवर शासनाने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. वान धरणातून अकोट-तेल्हाऱ्याकडे ८४ खेडी योजना आली, काटेपूर्णा धरणावरून खांबोऱ्याची ६४ खेडी योजना आली, शहानूर धरणाचे पाणी अंजनगाव-दर्यापूरच्या गावांना गेले. २०१९ पासून जलजीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटर पाणी घरात देण्याचे उद्दिष्ट ठेवले. गोड्या पाण्याचा नळ ज्यांनी पहिल्यांदा पाहिला त्यांना त्याचे मोल ठाऊक आहे. परंतु नळ गावात येणे आणि पाणी वस्तीत येणे यांत अंतर आहे. आमच्या गावात पाण्याची टाकी वरच्या आळीला आहे. बौद्ध वस्ती आणि मातंग वस्ती नळाच्या शेवटच्या टोकाला. दाब कमी असला की शेवटचे टोक कोरडे राहते. पाणी चार-आठ दिवसांनी येते, आणि येते तेव्हा बाया निंदणाला गेलेल्या असतात. घरी थांबायचे तर अर्धा रोज बुडतो. वीजबिल थकले की पुरवठा संपूर्ण गावाचा बंद होतो, पण ज्याच्या घरी आरओचे यंत्र आहे किंवा कॅन विकत घेण्याची ऐपत आहे त्याची तहान थांबत नाही. थकबाकीची शिक्षा शेवटी वस्तीची जुनी विहीर पिणाऱ्याला होते.

शेतीच्या उपायांतही हीच गोष्ट दिसते. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात खारपाणपट्ट्याचा समावेश झाला, शेततळी झाली. पावसाचे गोडे पाणी साठवून तूर, हरभरा, पऱ्हाटी यांना एखादे पाणी देता येऊ लागले. उपाय शास्त्रशुद्ध आहे. पण शेततळे ज्याचे शेत त्याचे. भूमिहीनाला त्यातला वाटा कोणत्या कागदावर मिळणार?

येथे कोणी म्हणेल की खार जमिनीत आहे, जमिनीला जात नाही. ते खरे आहे. खार कोणी मुद्दाम घातलेला नाही, म्हणून येथे अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली आरोपी सापडत नाही. परंतु वस्ती कोठे वसवली गेली, तिच्या वाट्याला कोणती विहीर आली, नळ कोठे संपला, हे भूगर्भाने ठरवलेले नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ च्या सुभाष कुमार खटल्यात प्रदूषणमुक्त पाणी हे जगण्याच्या मूलभूत हक्कात येते असे म्हटले. आपली मागणी त्या भूमीवर उभी राहू शकते. मात्र त्यासाठी पुरावा लागेल, आणि तो पुरावा भूवैज्ञानिकाच्या मदतीशिवाय मिळणार नाही.

६

संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या भूगर्भशास्त्र विभागात एस. एफ. आर. खादरी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी अकोला-बुलढाणा भागातील महेश नदीच्या खोऱ्यासारख्या लहान पाणलोटांचा, तेथील पाण्याच्या गुणवत्तेचा उपग्रहचित्रे व नकाशे यांच्या साह्याने अभ्यास केला आहे. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची नियमित नोंद ठेवते. अकोल्याचे कृषी विद्यापीठ चोपण जमिनीवर काम करते. हे सर्व काम मोलाचे आहे. पण अशा अभ्यासांत नमुन्याचे एकक सामान्यतः गाव किंवा पाणलोट असते. नकाशावर एक टिंब, त्याला एक क्रमांक, त्यापुढे क्षारांचे आकडे. आपण विचारले पाहिजे : हे टिंब गावातल्या कोणत्या विहिरीचे? पाटलाच्या मळ्यातल्या, चौकातल्या, की वस्तीतल्या? एका गावातल्या दोन विहिरींच्या पाण्यात मोठा फरक असू शकतो, हे भूशास्त्रही सांगते. रेतीचा एखादा थर लागला तर पाणी बरे, चिकण मातीत संपली तर खारे. मग एका नमुन्यावरून काढलेला गावाचा आकडा वस्तीची स्थिती झाकून टाकतो.

हे काम कठीण नाही. जलजीवन मिशनखाली प्रत्येक गावात पाच महिलांना पाणी तपासणीचे प्रशिक्षण देण्याची आणि तपासणी पेटी पुरवण्याची तरतूद आहे. त्या पाचांत आपल्या वस्तीतील बाया आहेत काय, हे ग्रामसभेत विचारता येते. क्षार मोजण्याचे पेनाएवढे यंत्र थोड्या पैशांत मिळते. महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे दरवर्षी गावात होतात. त्यांत रस्ता झाडण्याबरोबर गावातल्या प्रत्येक पाणवठ्याचा नमुना घ्यावा, एकदा मे महिन्यात आणि एकदा पावसाळ्यानंतर. प्रत्येक नमुन्यापुढे चार गोष्टी लिहाव्यात : पाणवठा कोणत्या वस्तीत आहे, तो किती घरे वापरतात, नळाला पाणी किती दिवसांनी येते, आणि त्या घरांत मुतखडा, रक्तदाब वा डायलिसिसचे रोगी किती. नायट्रेट व फ्लोराइड जिल्ह्याच्या प्रयोगशाळेतून तपासून घ्यावे. सलग तीन वर्षे असे आकडे एका तालुक्याचे जरी जमले तरी भूवैज्ञानिक, डॉक्टर आणि कार्यकर्ता यांना प्रथमच एका कागदावर बोलता येईल.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. दामोदर खोऱ्याची आखणी आणि १९४५ ची केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोगाची स्थापना त्यांच्या कारकिर्दीत झाली. महाडचा सत्याग्रही आणि नद्यांच्या खोऱ्यांचे नियोजन करणारा मंत्री हा एकच माणूस होता. आपण पहिला वारसा प्राणपणाने जपला. दुसऱ्याकडे आपले लक्ष कमी गेले. आपल्या मुलांनी भूशास्त्र, रसायन आणि आरोग्यशास्त्र शिकावे आणि ते शिकून आपल्याच वस्तीच्या विहिरीवर परत यावे. आपल्या लेखकांनीही या पाण्याकडे पाहावे. दलित आत्मकथनांत पाणवठ्यावरचा अपमान आला. मचूळ पाण्याने थकलेले शरीर, तालुक्याच्या गावी डायलिसिसला जाणारा बाप, न शिजणारे वरण हे अजून पुरेसे आलेले नाही.

येत्या मे महिन्यापासून दर्यापूर आणि अकोट तालुक्यांतील काही गावांत वस्तीनिहाय नमुने घेण्याचे आम्ही काही शिक्षकांनी ठरवले आहे. इतर तालुक्यांतील शिक्षक-विद्यार्थ्यांनी आपापल्या गावी हेच काम हाती घ्यावे, आणि नमुना घेताना विहिरीच्या नावाबरोबर वस्तीचे नावही लिहावे, एवढी विनंती आहे.